विषमज्वर म्हणजे नेमका कोणता ताप?

अनुवादिनी : चरकसंहितेतील ज्वरचिकित्सेच्या अध्यायाचे एक मराठी भाषांतर तपासताना मी अडले आहे. भाषांतरकाराने ‘विषमज्वर’ या शब्दापुढे कंसात ‘टायफॉइड’ असे लिहिले असून आजच्या मराठीत तोच अर्थ रूढ आहे. परंतु मूळ ग्रंथात याच सदराखाली तृतीयक आणि चतुर्थक, म्हणजे अनुक्रमे एक आणि दोन दिवसांच्या खंडाने उलटणारे ताप सांगितले आहेत, आणि ते वर्णन हिवतापाशी जुळते. कंस काढावा काय?

जुनी पोथी : अवश्य काढावा. ज्याचा आरंभ, क्रिया आणि काल विषम असतो तो विषमज्वर, अशी ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदग्रंथाचा कर्ता वाग्भट याची व्याख्या आहे. टायफॉइड हा वेगळा आजार म्हणून ओळखला गेला तोच मुळी १९व्या शतकात, तेव्हा ते नाव चरकाच्या तोंडी घालणे हा कालविपर्यास ठरतो.

रानवारा : विषासारखा अंगात भिनतो म्हणून विषमज्वर, असे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे.

जुनी पोथी : ती ऐकीव व्युत्पत्ती आहे. येथे ‘विष’ नाही, ‘सम’च्या उलट ‘विषम’ आहे.

तिन्हीसांजा : माझी आजी टायफॉइडला ‘मुदतीचा ताप’ म्हणत असे, कारण मुदत भरल्याखेरीज तो उतरत नाही असा तिचा अनुभव होता. चरकाने विषमज्वराच्या पाच प्रकारांत पहिला ‘संतत’ सांगितला आहे आणि तो वात, पित्त, कफ या दोषांनुसार सात, दहा किंवा बारा दिवस न उतरता राहतो. त्यामुळे रूढ अर्थ अगदीच निराधार आहे, असे मला वाटत नाही.

जुनी पोथी : खरनाद या प्राचीन आयुर्वेदाचार्याने संतत वगळून उरलेले चारच विषमज्वर मानले होते, कारण जो खंडित होत नाही तो विषम कसला?

तिन्हीसांजा : म्हणजे हा वाद प्राचीन आचार्यांपासूनचा आहे! तरीही शब्दाचा अर्थ शेवटी बोलणारे ठरवतात, पोथ्या नव्हेत. आज कोणी ‘विषमज्वर’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात टायफॉइडच येतो, हे आपण कसे नाकारणार?

रानवारा : मग सरळ ‘ताप’ म्हणावे. ‘ज्वर’ कशाला?

जुनी पोथी : चरकसंहितेच्या निदानस्थानात, म्हणजे रोगनिदानाच्या विभागात, व्याधी, आमय, गद, यक्ष्मा आणि ज्वर हे शब्द एकाच अर्थाचे सांगितले आहेत, म्हणजे तेथे ज्वर हा रोगमात्राचाही वाचक आहे. ‘ताप’ या शब्दात ती व्याप्ती येत नाही. शिवाय परंपरेने हत्तीच्या ज्वराला ‘पाकल’ आणि घोड्याच्या ज्वराला ‘अभिताप’ अशी निराळी नावे दिली आहेत.

तिन्हीसांजा : घोड्याच्या नावात ‘ताप’ आहेच की!

अनुवादिनी : घोड्याचे राहू द्या, माझ्या कंसाचे काय करायचे?

रानवारा : पण हत्तीला ‘पाकल’च का म्हणत असावेत? ‘पाक’, म्हणजे शिजणे, याच्याशी त्याचे नाते असावे काय?