फटाका वाजला की दादा रात्रभर जागा राहतो, कुठं दाखवावं?

संत्राबाग_अंजनगाव: माझा दादा पायदळातून नायक म्हणून निवृत्त झाला. नोकरीतली बरीच वर्षं काश्मीरमध्ये गेली. घरी आल्यापासून रात्री ओरडत उठतो, घामेघूम होतो. सध्या शिवारात रानडुकरं हाकलायला रोज सुतळी बॉम्ब फुटतात. आवाज आला की भिंतीला पाठ लावून बसतो, मग सकाळपर्यंत डोळ्याला डोळा नाही. जागलीला जाणं सोडलं, लग्नाकार्यात येत नाही. संध्याकाळी कॅन्टीनची बाटली ठरलेली. घरात लायसन्सची बारा बोअर आहे, तिची मला फार धास्ती वाटते. डॉक्टरचं नाव काढलं की "मी येडा नाही" म्हणतो. महिन्याला दीड हजाराच्या वर झेपणार नाही. अमरावतीजवळ कोणाला दाखवावं?

वरुडकर_पुण्यात: सरळ पुण्याला आणा. माझ्या साडूला इथंच गुण आला. दर आठवड्याला समुपदेशन, एका बैठकीचे दोन हजार. पैशाकडे पाहू नका.

निवृत्त_सुभेदार: ईसीएचएस कार्ड, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड, आहे ना? मग पैसे कशाला? अमरावतीच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफर करून घ्या. पण त्याआधी बंदूक घराबाहेर काढा.

वरुडकर_पुण्यात: बंदूक मामाकडे ठेवा काही दिवस.

निवृत्त_सुभेदार: चुकूनही नको. मामाकडे लायसन्स नसेल तर दोघंही अडकतील. पोलीस ठाण्यात रीतसर जमा करता येते, पावती मिळते. दादाला सोबत घेऊन जा, लपवाछपवी करू नका.

कपाशीवाला: भाऊ, बॉम्बच बंद करा ना! माह्या वावरात सोलरची झटका मशीन लावली, कुंपणाच्या तारेले हलका करंट देते, डुक्कर फिरकत नाही. शेजाऱ्याईले बी सांगा.

खारपाणपट्टा: झटका मशीननं काही होत नाही, डुकरं खालून उकरून येतात. मी पैसे घालून बसलोय.

कपाशीवाला: तार खाली घ्या, वीतभर उंचीवर. अन् काही लोक लाईनची तार थेट कुंपणाले जोडतात, थे करू नका. माणसं मेली हायेत त्यानं.

आर्वीची_सून: कुंपणाचं वेगळ्या धाग्यावर बोला हो. ताई की दादा, जे कोणी असाल, वहिनींना आधी सांगा: झोपेत हलवून उठवू नका. थोडं लांब उभं राहून नावानं हाक मारा, दिवा लावा. आमचे हे सीआरपीएफमध्ये, गडचिरोलीत होते. त्यांना डॉक्टरांनी सर्ट्रालिन दिली होती, नैराश्य आणि अशा त्रासावरची गोळी. आठवडाभरात "फायदा नाही" म्हणून सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. त्या गोळीला काम करायला काही आठवडे लागतात, आणि बंद करायची तर डॉक्टरांना विचारून हळूहळू.

मेहकरचा_माणूस: एवढं कशाला? मेडिकलमधून झोपेची गोळी घ्या. माझे काका घेतात, मस्त झोपतात.

आर्वीची_सून: दारू पिणाऱ्याला झोपेची गोळी? श्वास मंदावून माणूस जातो. कृपा करून असं लिहू नका.

खारपाणपट्टा: दहा दिवस मौनाचं शिबिर करा. मी करून आलो, माणूस बदलतो.

निवृत्त_सुभेदार: तुम्ही रणांगणावरून आला नव्हता. ज्याला डोळे मिटले की तेच दिसतं, त्याला एकट्याला गप्प बसवलं तर त्रास वाढू शकतो. आधी डॉक्टर. हा आजार आहे, भयंकर प्रसंगातून गेल्यावर मनाला होणारा, त्याला पीटीएसडी म्हणतात. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी तो निदानाच्या यादीत घेतला, व्हिएतनामहून परतलेल्या शिपायांचे हाल पाहून. भित्रेपणाशी त्याचा संबंध नाही, हे त्याला फौजीनं सांगितलं तर पटेल. आणि ईसीएचएस, पुन्हा सांगतो.

नर्स_दर्यापूर: १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर. चोवीस तास, मोफत, मराठीत. तो बोलत नसेल तर तुम्ही स्वतः लावा, घरच्यांनाही मार्गदर्शन मिळतं. जीव द्यायची भाषा केली तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी अमरावतीच्या इर्विन सरकारी दवाखान्यात न्या.

वरुडकर_पुण्यात: तरी पुणे ते पुणे.

संत्राबाग_अंजनगाव: सगळ्यांचे आभार. १४४१६ ला मीच लावला, बराच वेळ बोलले. बंदूक ठाण्यात जमा झाली. दादा आधी चिडला, मग स्वतःच सही केली. पॉलिक्लिनिकला मात्र तो नाहीच म्हणतो, तिथं पलटणीतले ओळखीचे भेटतील म्हणून. पुणेही नाही. त्याचा एक जुना जोडीदार देवळीचा आहे, तो वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातून औषधं घेतो. फोनवर दादाला म्हणाला, "मलेबी तसंच होत होतं, ये." सुभेदार साहेब, फुकटचं सोडून लांब चाललो हे कळतंय. पण तो पहिल्यांदा हो म्हणालाय. सोमवारी सकाळच्या एसटीनं निघतोय. आणि कपाशीवाले भाऊ, मशीन कुठून घेतली ते सांगा, शेजारचे दोघं तयार आहेत.