खेकडा उन्हाला सरावतो, की ‘अनुकूलित होतो’?

धानबांधी: आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या गावच्या शाळेसाठी तलावाकाठच्या जिवांवरची एक पुस्तिका मराठीत करतोय. खेकडे-झिंग्यांच्या पानावर गाडी अडली. इंग्रजीत तीन वेगळे शब्द आहेत. एक, ऊन नुसतं झेपणं. दुसरा, खेकडा काही दिवस कोमट पाण्यात ठेवला की त्याची सोसायची हद्द थोडी वर सरकते, ते. तिसरा, पिढ्यान्‌पिढ्यांनी जातीतच उतरतं, ते. मी पहिल्याला ‘सहनशीलता’ लिहिलं, उरलेल्या दोन्हींना ‘अनुकूलन’. तपासणाऱ्या गुरुजींनी लाल रेघ मारली. बरोबरच मारली. दुसऱ्याला काय म्हणू?

जवस: ‘सरावणे’. नवा बैल गाडीला सरावतो तसं. तिसऱ्याला अनुकूलन राहू द्या.

शब्दनिष्ठ: सराव जाणूनबुजून करतात. खेकडा काय तालमीत जातो? ‘समायोजन’ घ्या, शास्त्रीय वाटतं.

जवस: समायोजन शिक्षकांचं होतं, अतिरिक्त ठरले की. खेकड्याला कोणत्या तालुक्यात पाठवता?

वैनगंगाकाठ: आमच्याकडे नव्या गावाचं ‘पाणी मानवलं’ म्हणतात. मानवणे का नको?

शब्दनिष्ठ: कारण पाणी खेकड्याला मानवतं, खेकडा मानवत नाही. कर्ता पाणी झालं. बदल खेकड्यात होतोय ना?

(हे मात्र पटलं. बाकी काही पटलं नाही तरी. – धानबांधी)

जवस: आता तालमीचं. पौषात खोबरेल थिजतं, जवसाचं तेल वाहतं राहतं. खेकड्याच्या पेशींच्या आवरणातही चरबी असते. थंडी पडली की तिच्यात जवसाच्या तेलासारखी, न थिजणारी चरबी वाढते. गरमी वाढली की उलट. याला दिवस लागतात, तासाभरात होत नाही. म्हणजे नुसतं सोसणं नाही आणि पिढ्यांचंही नाही. सरावणंच झालं ते.

शब्दनिष्ठ: उदाहरण छान आहे, शब्द तरीही ढिला आहे. आणि मूळ पोस्टमध्ये ‘शीतरक्ती’ वापरला नाहीत, का?

धानबांधी: मुद्दाम नाही वापरला. नवतप्यात पारा 45 वर असताना उथळ डबक्यातल्या खेकड्याचं रक्त कुठून शीत? भोवतीचं पाणी जेवढं तापेल तेवढंच तेही तापतं. शिवाय ते निळसर असतं, त्यात लोखंडाऐवजी तांबं. मुलं विचारतील, मी काय सांगू?

झाडीचा_पोर: काहून एवढे शब्द पायजे बापा? नवतप्यात धुऱ्यात कुदळ मारली का हातभर खाली ओल लागते, तिथं केकडा पाय जुळवून गप्प बसला राह्यते. काडी लावली तरी नांगी उचलत नाही. आमचा आजा म्हणे, “दम धरून हाय, पानी पडू दे.” लिहा, दम धरणे.

शब्दनिष्ठ: ती ग्रीष्मनिद्रा. वेगळा विषय. आणि ‘केकडा’ हिंदी आहे, मराठीत खेकडा.

झाडीचा_पोर: माही आजी हिंदी बोलली नाही कधी. केकडाच म्हणे.

वैनगंगाकाठ: दोन्हींचं मूळ कर्कटच की. कर्क रास, कर्कवृत्त, सगळी तीच बिळं. मला तर वाटतं ‘खेकसणे’सुद्धा खेकड्यावरूनच आलंय, अंगावर येतो तसा.

शब्दनिष्ठ: खेकडा खेकसत नाही हो. तोंडाशी फेस काढतो.

जवस: ‘दम’ सोडू नका, त्यात गंमत आहे. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. 0 अंशाला लिटरमागे साडेचौदा मिलिग्रॅम मावतो, 30 अंशाला साडेसात. आणि नेमकं तेव्हाच खेकड्याच्या अंगाची मागणी वाढते. पाण्यात अडकलेला खेकडा पुष्कळदा उन्हाने भाजण्याआधी दमानेच हरतो. म्हणजे पाण्यात दम लागतो, बिळात दम धरतो.

धानबांधी: हे पुस्तिकेत घेतलं! पण मंडळी, दुसऱ्या शब्दाचं?

वैनगंगाकाठ: समुद्रकाठी चिखलात एका मोठ्या नांगीचा छोटा खेकडा असतो, त्याची ती नांगी अंगातली उष्णता बाहेर टाकायलाही उपयोगी पडते. ते तिसऱ्यात ना? नांगी काही आठ दिवसांत वाढवली नाही त्याने.

धानबांधी: हो, तिसऱ्यात. दुसऱ्यात काय?

शब्दनिष्ठ: ‘तापसमायोजन’ लिहा आणि कंसात सरावणे.

जवस: ‘सरावणे’ लिहा आणि कंस गाळा.

कोथरूडकर: उशिरा आलो, माफ करा. वर ‘धुऱ्यात कुदळ मारली’ आहे. धुरा म्हणजे बैलगाडीचा ना, खांद्यावर घेतात तो? त्यात केकडा कसा राहील?

झाडीचा_पोर: अरे बाप्पा. धुरा म्हंजे बांध.

कोथरूडकर: मग ‘कारभाराची धुरा सांभाळली’ म्हणजे…?

शब्दनिष्ठ: थांबा, याला वेगळा धागा काढतो.