चिकन सेंटरचा वेस्ट माशांच्या खाद्यात चालते का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नागपूरजवळ कळमेश्वरकडे आमचं वावर आहे, तिथं शेततळ्यात मागच्या पावसाळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडले. ढेप अन कोंडाच टाकून राह्यलो होतो, पण ढेपीचा भाव असा चढला की मासे विकून हाती काय उरते तेच समजून नाही राह्यलं.

आता गावातला चिकनवाला भाऊ म्हणते, आतडे, मुंडके, पाय, पंख रोज २०-२५ किलो फुकट घेऊन जा, माझी फेकायची कटकट वाचते. लालच सुटली ना बाप्पा! पंखाच्या अन रक्ताच्या पावडरीत ८० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असते म्हणे, आपल्या माशांना २५-३० टक्के पुरते, मग थोडंसं मिसळलं तरी भागलं. पण बाबा म्हणतात असा मासा मी तोंडात नाही घालणार, थाई मांगूर सडकं खाऊनच बदनाम झाला ना. (बंदी २००० साली आली ती मुख्य म्हणजे तो इथले मासे फस्त करते म्हणून, पण बाबांना कोण समजावणार.) तर उकळून टाकलं तर चालते का, पंख घरच्या कुकरमध्ये शिजतीन का, अन चुलतभाऊ म्हणते पोल्ट्रीचं लिटरच (कोंबड्यांखालचा विष्ठा मिसळलेला भुसा) टाक, त्यातपण प्रोटीन आहे, खरं का?

उत्तर : कच्चं तर अजिबात टाकू नको भाऊ. उरलेलं तळाशी सडते, पहाटे ऑक्सिजन उतरते, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, अन मे महिन्यात आपल्याकडचं ऊन असलं की एका रात्रीत तळं साफ. पंखात केराटिन नावाचं कडक प्रोटीन असते, माशाला पचत नाही, कारखान्यात दाबाखाली वाफेनं शिजवतात तेव्हा कुठं कामाचं होते, घरचा कुकर पुरत नाही. लिटरमधलं "प्रोटीन" म्हणजे बरंचसं विष्ठेतलं युरिक अॅसिड, त्यातपण नायट्रोजन असते अन टेस्टमध्ये नायट्रोजन मोजून प्रोटीन धरतात म्हणून आकडा मोठा दिसते. युरोपात गाईंच्या मॅड काऊ रोगानंतर २००१ मध्ये जनावरांच्या अवशेषांच्या पावडरी खाद्यात बंद केल्या होत्या, २०१३ पासून कोंबडी-डुकराच्या पावडरी माशांसाठी परत चालू झाल्या, म्हणजे माल वाईट नाही, प्रक्रिया नीट पाह्यजे. आतडे-मुंडके चांगले उकळ, वरची चरबी काढ, कडक वाळवून दळ अन नमुना नागपुरात फुटाळ्याकडं मत्स्य विज्ञान महाविद्यालयात दाखव.

धागाकर्ता : पंख अन लिटर कॅन्सल, थँक्यू. पण वाळवायचं कुठं? गच्चीवर टाकलं तर कावळ्यांच्या आधी शेजारचे काकाच येतीन. सोलर ड्रायर कोणी वापरून राह्यलं का?