सोसायटी ग्रुप: धनुष्यबाण रत्नागिरीत नक्की कधी आला?

तन्मयी, बी-302: काका काकू सगळ्यांना नमस्कार 🙏 एक मदत हवी होती. कॉलेजात पॉलिटिकल सायन्सचा प्रोजेक्ट आहे, आपल्या विधानसभा मतदारसंघाचा इतिहास. रत्नागिरी, क्रमांक 266. नावं आणि सालं मोबाईलवर मिळाली पण मॅडम म्हणाल्या नुसता तक्ता आणलास तर परत पाठवीन, माणसांशी बोल

सचिन, ए-101: त्यात काय बोलायचंय. पहिल्यापासून शिवसेना. लिही आणि दे टाकून 😀

वैद्य सर, ए-404: सचिन, पहिल्यापासून म्हणजे कधीपासून रे? विधानसभेला इथून धनुष्यबाण पहिल्यांदा निवडून आला 2014 साली. त्याआधी एकदाही नाही.

सचिन, ए-101: काय सांगताय सर. शाळेत असल्यापासून बघतोय मारुती मंदिरला भगवे झेंडे, भिंतीभिंतीवर धनुष्यबाण

वैद्य सर, ए-404: ते तू बघितलंस ते लोकसभेचं. युतीच्या वाटणीत खासदारकी सेनेकडे आणि रत्नागिरीची आमदारकी भाजपकडे, म्हणून अनंत गीते 1996, 98, 99, 2004 असे चार वेळा इथून खासदार झाले धनुष्यबाणावर, आणि आमदार मात्र कमळाचे, 1995 ला शिवाजीराव गोताड, 1999 ला बाळ माने. झेंडे दोन्हीकडे भगवेच त्यामुळे लहान पोराला सगळं एकच वाटणार. 1999 ला तर दोन्ही निवडणुका एकत्रच होत्या, मी ड्यूटीवर होतो, लोक एक मत देऊन चालायला लागायचे की त्यांना हाका मारून परत बोलवायचं, अहो आजी दुसरं राहिलं, आजी म्हणायच्या एकदा दिलं की रे बाबा आता किती वेळा देऊ

देशपांडे काकू, बी-104: 😂😂

तन्मयी, बी-302: सर थांबा थांबा मी लिहून घेतेय. म्हणजे भाजप कधीपासून?

वैद्य सर, ए-404: भाजप जन्मल्यापासून म्हण. पक्ष स्थापन झाला एप्रिल 1980 ला, मे अखेरीस विधानसभा, दोन महिने पण झाले नव्हते. अख्ख्या महाराष्ट्रात 14 जागा आल्या त्यात आपली एक, कुसुमताई अभ्यंकर. त्या त्याआधी 1978 ला जनता पक्षातून निवडून आलेल्या. आणि त्याच्याही मागे गेलीस तर 1957 ला रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजीभाई आसर खासदार झाले, संयुक्त महाराष्ट्राची हवा होती, देशभरात जनसंघाचे मिळून चार खासदार आणि त्यातले एक आपले, दुसरे एक अटलबिहारी. हे तुझ्या मॅडमना पण माहीत नसेल बघ

देशपांडे काकू, बी-104: कुसुमताई म्हणजे कादंबऱ्या लिहायच्या त्याच ना? आम्ही मुली लायब्ररीत नंबर लावून त्यांची पुस्तकं न्यायचो, राजकारणाचं काही कळत नव्हतं तेव्हा. आमदार झाल्या तर आईला आश्चर्य वाटलेलं, लिहिणारी बाई सभेत कशी काय बोलणार म्हणून

नाझनीन, सी-103: त्यांच्यानंतर एक पण बाई नाही ना आली निवडून इथून?

वैद्य सर, ए-404: नाही. 1980 नंतर सगळे पुरुष.

नाझनीन, सी-103: तन्मयी हे ठळक लिही. आणि खासदारांत हुसेन दलवाईंचं नाव पण घे, 1984 ला काँग्रेसचे. आमच्या अब्बांच्या तोंडी कायम असायचं

वैद्य सर, ए-404: बरोबर. आणि 1985 ला आमदारकी पण काँग्रेसकडे गेली, शिवाजीराव जड्यार. सांगायचं काय तर हे शहर कुणा एकाला आंदण दिलेलं नाही

सचिन, ए-101: आंदण नाही कसं सर, 2004 पासून एकच माणूस आमदार आहे की

वैद्य सर, ए-404: हां, आता मुद्द्यावर आलास. माणूस एक, चिन्हं दोन. उदय सामंत 2004 आणि 2009 ला घड्याळावर, 2014 ला ऐन निवडणुकीच्या तोंडावर सेनेत आले आणि तेव्हापासून धनुष्यबाणावर. समोर बहुतेक वेळा बाळ मानेच. 2004 ला सामंत माने, 2009 ला सामंत माने, 2014 ला परत तेच, 2019 ला युती म्हणून माने नव्हते, राष्ट्रवादीचे सुदेश मयेकर उभे राहिले आणि फरक 80 हजारांच्या वर गेला. आणि 2024 ला पुन्हा सामंत माने, पण आता माने मशाल घेऊन. जो माणूस इतकी वर्षं कमळ घेऊन फिरला तो ठाकरेंची मशाल घेऊन दारात, आणि ज्यांच्याशी घड्याळवाले म्हणून भांडले ते धनुष्यबाण घेऊन, आणि भाजपवाले सांगतायत धनुष्यबाणाला द्या. माझ्या सासूबाईंनी विचारलं, मग आपला कुठला 😄

परब काका, सी-201: सर ह्या काहीच नाय. 2005 ला मी मालवणातच होतंय. राणे सेना सोडून काँग्रेसमध्ये गेले आणि पोटनिवडणूक लागली. तोच माणूस, चिन्ह बदलला आणि समोरच्या सेनेच्या उमेदवाराचा डिपॉझिट गेला. आणि त्याच राण्यांका 2014 ला कुडाळात वैभव नाईकांनी पाडल्यानी. कोकणातलो माणूस कधी काय करीत सांगता येत नाय

सचिन, ए-101: मग तेच तर म्हणतोय ना, इथे माणसाला मत देतात, पक्ष गेला खड्ड्यात

वैद्य सर, ए-404: तसं असतं तर 2024 चं गणित सुटलं असतं. मे महिन्यात लोकसभा झाली, नारायण राणे कमळावर, विनायक राऊत मशालीवर. राणे 47,858 नी आले पण ते कणकवली कुडाळ सावंतवाडीच्या जोरावर. आपल्या रत्नागिरीत लीड राऊतांना, मशालीला. इथले आमदार, तेव्हाचे मंत्री, सगळे राण्यांच्या प्रचारात असूनसुद्धा. आणि सहा महिन्यांनी 20 नोव्हेंबरला हेच मतदार, हीच केंद्रं, आणि सामंत 40 हजारांच्या वर मतांनी निवडून, मशाल मागे. आता सांग पक्षाला दिलं का माणसाला

सचिन, ए-101: लाडकी बहीण

नाझनीन, सी-103: सगळं बहिणींवर ढकला 🙄 आम्हाला डोकं नाही का

सचिन, ए-101: तसं नाही ओ ताई

वैद्य सर, ए-404: ते पण असेल थोडं. माझं मत विचारशील तर आपल्याकडे लोकसभेचा खासदार लांबचा वाटतो, तिथे लोक राग काढतात, आमदाराकडे दाखल्याला, बदलीला, रस्त्याला जावं लागतं, तिथे हिशोब वेगळा. आणि मतदारसंघ नुसता शहर नाही हे विसरतो आपण, जयगडपासून पावसपर्यंत गावंच गावं आहेत, शहरात बसून हवा मोजली की चुकते. आणखी एक गंमत, त्या मे महिन्यात लोकसभेच्या यंत्रावर धनुष्यबाण नव्हताच, 1996 नंतर पहिल्यांदा. आणि विधानसभेला 2019, 2024 दोन्ही वेळा कमळ नव्हतं. 1999 ला जे होतं त्याच्या बरोब्बर उलट

तन्मयी, बी-302: सर हे भारी आहे, हाच शेवटचा मुद्दा घेते

अॅडमिन जोशी, ए-203: मंडळी, प्रोजेक्टपुरतं ठीक आहे, पण गद्दार, खोके वगैरे सुरू झालं तर ग्रुप बंद करीन, मागच्या वेळी दोन घरांचं बोलणं बंद झालंय ते अजून तसंच आहे. आणि सी विंगचा पंप 7 वाजता बंद होणार, पाणी भरून ठेवा

परब काका, सी-201: जोशीनू, 7 म्हणजे सकाळचे काय संध्याकाळचे

अॅडमिन जोशी, ए-203: संध्याकाळचे

सचिन, ए-101: सर मी आत्ता चेक केलं. 2014 च. मान्य. पण झेंडे भगवे होते हे तुम्ही पण मान्य करा

वैद्य सर, ए-404: केलं 👍

देशपांडे काकू, बी-104: तन्मयी, माळ्यावर कुसुमताईंची एक जुनी कादंबरी असेल माझ्याकडे, पानं सुटलीत. उद्या दुपारी ये, फोटो काढून लाव प्रोजेक्टला. येताना रिकामा डबा आण, आंबोशी देते आईला