भाऊ दवाखान्यात यायला तयार नाही, कराड-सातारा भागात कुठे दाखवता येईल? (अर्जंट)

पाटणची_लेक:
मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. मी पुण्यात असते, माहेर पाटण तालुक्यात. धाकटा भाऊ सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करत होता, प्रिलिम निघायची पण मेन्सला अडकायचा, दिवाळीला गावी आला तो परत गेलाच नाही. घरूनच अभ्यास करतो म्हणाला, आम्हालाही बरं वाटलं, तेवढाच मेसचा खर्च वाचला. मग हळूहळू रात्र रात्र जागा, अंघोळ नाही, मित्रांचे फोन घेईना. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावलीये, अभ्यासिकेतली मुलं माझं बोलणं ऐकतात म्हणतो, ती मुलं पुण्यात आणि हा इथे! जेवायला बसला की ताटातला पहिला घास आईला खायला लावतो, ती खाते, मग थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघत बसतो आणि तिला काही होत नाहीये म्हटल्यावर जेवतो.

काल रात्री अण्णांना म्हणाला, मी नसलो की तुमची कटकट संपेल. अण्णांना रात्रभर झोप नाही.

तात्या (चुलते) म्हणतात बाहेरचं आहे, अमावास्येला एका ठिकाणी न्यायचंय. आई म्हणते डॉक्टरकडे नेलं तर गावात बोभाटा होईल, लग्न जमायचं नाही. आणि तो म्हणतो मला काय झालंय, तुम्हीच दाखवून घ्या. तर जवळपास सरकारीत कुठे न्यायचं, तो येतच नसेल तर आम्ही नुसतं जाऊन बोललो तर डॉक्टर बोलतात का, जबरदस्तीने न्यायला कोर्टाची ऑर्डर लागते का, आणि मुख्य म्हणजे आज रात्री काय करायचं कारण मी उद्या दुपारी पोचतेय. "पॉझिटिव्ह राहायला सांगा" हे नको प्लीज, ते सगळे नातेवाईक सांगून झालेत.

कोयनाकाठ:
ताई, आधी आज रात्रीचं. शेतकरी घर आहे ना, तर फवारणीची औषधं, तणनाशक, घरातल्या गोळ्या, जे असेल ते आत्ता शेजाऱ्याच्या घरी कुलपात. लपवू नका, घराबाहेरच काढा. त्याला एकटा झोपवू नका, अण्णांना सांगा त्याच्याच खोलीत अंथरूण टाका. दुसरं, त्याला सरळ विचारा की जीव द्यायचा विचार येतो का. विचारल्याने डोक्यात भरतं हा गैरसमज आहे, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला, कसं ते पण सांगितलं, तर उद्याची वाट बघू नका, १०८ लावा नाहीतर गाडी करून जवळच्या मोठ्या दवाखान्यात इमर्जन्सीला.

आणि टेलिमानस म्हणजे मानसिक आरोग्याची फोन हेल्पलाइन, तिचा नंबर १४४१६. सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. पेशंटनेच करायला पाहिजे असं नाही, तुम्ही केला तरी चालतो. आत्ता करा, धागा नंतर वाचा.

उन्हाची_तिरीप:
माझ्या दिराचं अगदी असंच होतं त्यामुळे लिहिते. तो येत नाही म्हणून थांबू नका, पहिल्यांदा घरचेच जातात, बहुतेक ठिकाणी चालतं. सातारा सिव्हिलला मानसोपचार ओपीडी आहे, फक्त वार आणि वेळ आधी फोन करून विचारा. त्यांच्याच जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे लोक ग्रामीण रुग्णालयांत पण ठरलेल्या दिवशी येतात, तुमच्या पीएचसीतल्या (प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या) आशाताईला विचारलं तर सातारा गाठायची गरजही पडणार नाही कदाचित. जाताना एका कागदावर लिहून न्या: कधीपासून, झोप किती, काय काय बोलतो, गांजा वगैरे घेत होता का, घरात आधी कुणाला असं होतं का. आईला तिथे रडू येईल आणि निम्मं सांगायचं राहील, कागद असला की बरं.

त्याच्याशी बोलताना "असं काही नसतं रे, वेडा आहेस का" अजिबात नको, आणि हो ला हो पण नको. आम्ही झोपेवरून धरलं. "तुला झोप नाही, डोळे बघ कसे झालेत, झोपेपुरतं दाखवून येऊ" यावर दीर तयार झाला, बाकी कशावर होत नव्हता. आणि खोटं सांगून नेऊ नका. आम्हाला एका खाजगी ठिकाणी जेवणातून गुपचूप द्यायचं औषध लिहून दिलं होतं, दिराला ते कळलं आणि मग तो महिनाभर आमच्या हातचं पाणी पीत नव्हता. तुमच्या भावाला तर आधीच अन्नाचा संशय आहे.

निवांत_७७:
सगळ्यांचा मान राखून सांगतो, पत्रिका एकदा दाखवून घ्या, साडेसाती असेल. आमच्याकडे फरक पडला होता.

कोयनाकाठ:
@निवांत_७७ दादा, पत्रिका पुढच्या महिन्यात दाखवली तरी शनी कुठे पळून जात नाही. इथे पोरगं मी नसलो की बरं म्हणतंय.
ताई, तात्यांशी भांडत बसू नका, त्यात ताकद जाते. अंगारा लावायचाय लावा, पण आधी दवाखाना आणि गोळ्या चालू झाल्या की बंद करायच्या नाहीत एवढं कबूल करून घ्या. मारहाण, धुरी, साखळी असलं काही कुणी सुचवलं तर मात्र सरळ नाही. २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आपल्याकडे, भूत उतरवतो म्हणून मारणं हा गुन्हा आहे.

कागदोपत्री:
जबरदस्तीबद्दल. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, मे २०१८ पासून लागू. आता कोर्टाची ऑर्डर लागत नाही. जिवाला धोका असेल, किंवा स्वतःची काळजी घेता येत नाही इतकं बिघडलं असेल तर जवळच्या नातेवाइकाच्या अर्जावर कलम ८९ खाली भरती करतात, दोन जणांनी वेगवेगळं तपासायचं, त्यात एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच, आणि एका वेळी जास्तीत जास्त ३० दिवस. अगदी इमर्जन्सी असेल तर कलम ९४, कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर नातेवाइकाच्या संमतीने ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो, म्हणजे गावातल्या डॉक्टरने "हे माझं काम नाही" म्हणून हात झटकायची गरज नाही. हाताबाहेर गेलं तर ११२. पोलिसांनी अशा माणसाला सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं, लॉकअपमध्ये नाही, कलम १०० दाखवा. शिकलेला पोरगा आहे, पुढे नोकरीचं काय अशी भीती आईला असेल, तर पेशंटची माहिती गुप्त ठेवायची हे पण याच कायद्यात आहे.

भरतीचीच वेळ आली तर सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात चारच, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. तुम्हाला येरवडा सोयीचं. पण लगेच तिकडे धावू नका, बरेच पेशंट ओपीडीवरच सावरतात.

पाटणची_लेक:
सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, एसटीत आहे, रेंज येतेय जातेय. औषधांचे डबे अण्णांनी काल रात्रीच शेजारच्या काकांकडे नेले. १४४१६ ला बोलले, मराठीत बोलणाऱ्या एक बाई होत्या, बराच वेळ दिला, अण्णांशी पण बोलल्या, आणि पहिल्यांदाच असं झालं असेल तर उशीर न करता दाखवा म्हणाल्या. अण्णांनी त्याला सरळ विचारलं, तर म्हणाला विचार येतात पण काही करणार नाही. आईच्या हातचा चहा मात्र आज घास-बीस न करता प्यायला. झोपेचं सांगून बघितलं, "ताई आली तर येतो" म्हणाला. तात्या अजून फुगलेलेच आहेत.

सिव्हिलला लागोपाठ फोन करतेय, उचलत नाहीत. सरळ सकाळी जाऊन उभं राहू का? आणि आईसाठी कुणी आहे का, ती दिवसभर देवघरासमोर बसून असते.

उन्हाची_तिरीप:
सरळ जा, केसपेपरची लाइन लवकर लागते, आठच्या आधी पोचा. मानसोपचारवाले त्या दिवशी नसतील तर मेडिसिनला दाखवून "जीव द्यायचं बोलतोय" हे शब्द केसपेपरवर लिहून घ्या, म्हणजे वाटेला लावत नाहीत. आधार कार्ड न्या, पाण्याची बाटली न्या, आणि त्याच्यासोबत त्याचं ऐकणारं एकच माणूस, पाच जणांची वरात नको.

आईसाठी, पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, तिथे घरच्यांचा स्वमदत गट चालतो. निदान काय होतंय ते डॉक्टरांना ठरवू दे, नावाला घाबरू नका, मी फक्त गटासाठी सांगतेय. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली परिवर्तन संस्था आहे, व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याचं काम करतात, तिकडे पण विचारा. मला व्यनि (खाजगी निरोप) करा, आईशी मी फोनवर बोलते, माझ्या सासूबाई पण बोलतील, त्यांनी सगळं बघितलंय.

पाटणची_लेक:
व्यनि केलाय. कराड आलं, उतरते.