ईजीआर बंद करण्याआधी

डिझेल गाडीचा ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात पाठवणारी यंत्रणा) पत्रा लावून बंद करायचा सल्ला एकांनी दिलाय, तो कृपया ऐकू नका. जळालेला थोडा वायू परत इंजिनात गेला की ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. ईजीआर बंद केला की हे विषारी वायू वाढतात आणि शेवटी आपल्याच पोरांच्या छातीत जातात. शिवाय एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाचे नवे निकष) गाड्यांत ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, लगेच कळतं, आणि चेक इंजिनचा दिवा लागतो.

त्यापेक्षा ईजीआरचा व्हॉल्व्ह खोलून बघा. एक्झॉस्टची काजळी आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) येणारी तेलाची वाफ मिळून डांबरासारखा थर बसतो, त्यामुळे व्हॉल्व्ह उघडाच अडकतो. मग पिकअप जातो, काळा धूर येतो. कार्ब क्लीनर आणि मऊ ब्रशने साफ करा, पण व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या मोटरच्या बाजूला थेंबही जाऊ देऊ नका. गॅस्केट नवीनच टाका. काही गाड्यांत नंतर स्कॅनरवरून व्हॉल्व्हची पोझिशन पुन्हा शिकवावी लागते, गॅरेजवाले बरेचदा हे विसरतात.

कूलंट कुठेही न गळता कमी होत असेल तर ईजीआर कूलरही (परत जाणारा वायू कूलंटने थंड करणारा भाग) तपासून घ्या. आणि रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या डिझेलला अधूनमधून हायवे दाखवा, म्हणजे काजळी कमी साचेल.