घरामागच्या मोकळ्या जागेचा काही भाग वेगळा करून विकासकाला विकावा का?

मूळ प्रश्न (परसदार)

नमस्कार. आमचा भूखंड लांबट आहे. त्याची रुंदी 20 मीटर आणि रस्त्यापासून मागच्या हद्दीपर्यंतची लांबी 50 मीटर आहे. घर पुढच्या भागात असून त्याच्या मागे सुमारे 30 मीटर जागा मोकळी पडून आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना आता एवढ्या जागेची निगा राखणे झेपत नाही आणि घराच्या दुरुस्तीसाठी पैशांचीही गरज आहे. एका विकासकाने मागचा साधारण 22 मीटर लांबीचा भाग विकत घेऊन तिथे दोन छोटी घरे बांधण्याचा प्रस्ताव दिला आहे. घराच्या एका बाजूला 6 मीटर जागा मोकळी आहे. तिच्यातून 4 मीटर रुंदीची पट्टी जाण्यायेण्यासाठी द्यावी, असे त्याचे म्हणणे आहे.

घरावर कर्जाचा बोजा आहे आणि आमची सांडपाण्याची वाहिनी मागच्या जागेतूनच जाते. आहे त्या स्थितीत जागा विकून मोकळे व्हावे, की आधी उपविभागणीची आणि बांधकामाची परवानगी आपल्या नावावर घ्यावी? ती पट्टी विकून टाकावी, की स्वतःकडे ठेवून फक्त वहिवाटीचा हक्क द्यावा? उरलेल्या घराचे नेमके काय नुकसान होईल, हाही प्रश्न मनात आहे. अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद (शंकूसाखळी)

नियम ठिकाणागणिक बदलतात, त्यामुळे अंतिम शब्द आपल्या स्थानिक नियोजन प्राधिकरणाचाच राहील. तरीही विकासकाशी दराची चर्चा करण्यापूर्वी आपल्या आकड्यांवर थोडा हिशेब करून पाहणे मला अत्यावश्यक वाटते, कारण "मागचा भाग" असे म्हणताना डोळ्यांसमोर जेवढी जागा येते, तिच्यापेक्षा जास्त जागा प्रत्यक्षात हातातून जाते.

एकूण क्षेत्र 1000 चौरस मीटर आहे. मागचा 22 मीटरचा भाग 440 चौरस मीटर होतो. रस्त्यापासून तिथवर जाणारी पट्टी 28 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद, म्हणजे आणखी 112 चौरस मीटर. पट्टीही विकली तर आपल्याकडे 448 चौरस मीटर उरतात, म्हणजेच निम्म्याहून अधिक जमीन जाते. आपले घर 11 मीटर रुंद आणि 14 मीटर लांब आहे असे समजू. त्याने व्यापलेली जागा 154 चौरस मीटर झाली. आज ती भूखंडाच्या 15.4 टक्के आहे, पण विक्रीनंतर 34.4 टक्के होईल. आपल्याकडे बांधकामाने व्यापायच्या जागेची मर्यादा एक तृतीयांश असेल, तर आज सर्व नियमांत बसणारे घर केवळ कागदावर ओढलेल्या एका रेषेमुळे नियमबाह्य ठरेल, आणि पुढे मागच्या बाजूला एक खोली वाढवायची झाली तरी परवानगी मिळणार नाही. चटई क्षेत्राचेही (सर्व मजल्यांच्या एकूण बांधकाम क्षेत्राचेही) असेच आहे. आज घराला मंजूर असलेले क्षेत्र संपूर्ण 1000 चौरस मीटरवर मोजलेले असते, हे विसरून चालत नाही.

पट्टीची मालकी स्वतःकडे ठेवून फक्त वहिवाटीचा हक्क दिला, तर आपल्या नावावर 560 चौरस मीटर राहतात आणि हेच प्रमाण 27.5 टक्क्यांवर येते. काही प्राधिकरणे वहिवाटीखालचे क्षेत्र वजा करूनच हिशेब करतात आणि तिथे हा फायदा मिळत नाही. म्हणून हा प्रश्न लेखी विचारून लेखी उत्तर घ्यावे.

दुसरा मुद्दा अग्निशमनाचा आहे, आणि तो बहुतेक वेळा फार उशिरा लक्षात येतो. इंग्लंडमधील बांधकाम नियमांच्या मार्गदर्शिकेनुसार अग्निशमन वाहन घराच्या आतल्या कोणत्याही बिंदूपासून 45 मीटरच्या आत पोहोचावे लागते आणि त्याच्या मार्गाची किमान रुंदी 3.7 मीटर धरलेली आहे. अमेरिकेत अनेक ठिकाणी लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेत अंतर जवळपास तेवढेच असले तरी रुंदी 6.1 मीटर आहे. मागच्या हद्दीपासून 3 मीटर अंतर सोडले तरी नव्या घराची मागची भिंत रस्त्यापासून 47 मीटरवर जाते, म्हणजे वाहन आत यावेच लागेल. पहिल्या नियमात आपली 4 मीटरची पट्टी बसते, दुसऱ्यात बसत नाही. रुंदी वाढवायची झाली तर ती आपल्या घराच्या भिंतीला भिडेल. त्यामुळे आपल्या भागातली किमान रुंदी आधी शोधून काढावी. या एका आकड्यावर संपूर्ण व्यवहार उभा राहतो किंवा मोडतो.

दुसरा प्रतिसाद (दस्तऐवज)

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. मी कागदपत्रांच्या बाजूने लिहितो आणि सुरुवात पट्टीपासूनच करतो, कारण माझ्या मते आपण विकत असलेल्या गोष्टीचा गाभा मागची जमीन नसून तिच्यापर्यंत जाणारी वाट आहे. वाट नसलेल्या जमिनीवर कोणालाही काही बांधता येत नाही. इंग्लंडमधील 1961 च्या "स्टोक्स विरुद्ध केंब्रिज कॉर्पोरेशन" या निकालात, ज्या वाटेवाचून जमिनीचा विकास होऊ शकत नव्हता ती मिळवण्याचे मोल विकासामुळे वाढणाऱ्या किमतीच्या एक तृतीयांश धरले गेले. हे प्रमाण सगळीकडे जसेच्या तसे लागू होत नाही, पण वाटेला किती किंमत असू शकते याचा अंदाज त्यावरून येतो.

आता आपल्या शेजाऱ्यांचा विचार करा. त्यांचे भूखंडही असेच लांबट असतील, तर त्यांच्याही घरांमागे अशीच जागा असणार. पट्टीची मालकी विकासकाकडे गेली की उद्या तो शेजारच्या मागच्या जागा विकत घेऊन त्याच वाटेने तिथे आणखी घरे उभी करू शकतो, आणि त्याचा मोबदला आपल्याला मिळणार नाही. वाहनांची वर्दळ मात्र आपल्या खिडकीखालून सुरू राहील. म्हणून मालकी स्वतःकडे ठेवावी आणि वहिवाटीचा हक्क देताना तो कोणत्या जमिनीसाठी, जास्तीत जास्त किती घरांसाठी आणि कोणत्या वापरासाठी आहे हे खरेदीखतात स्पष्ट लिहावे. "जाण्यायेण्याचा हक्क राहील" एवढे मोघम वाक्य पुरत नाही. दुरुस्तीचा खर्च कोणी किती सोसायचा, पट्टीवर वाहन उभे करायचे की नाही आणि जमिनीखालून पाण्याच्या व विजेच्या वाहिन्या नेता येतील की नाही, हेही त्यातच यावे.

सांडपाण्याच्या वाहिनीच्या बाबतीत बाजू उलटते. तिथे हक्क आपल्याला हवा आहे, विकलेल्या जमिनीवर. अनेक देशांत कायदा गरजेपुरता हक्क गृहीत धरतो. उदाहरणार्थ, भारतातील 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात कलम 13 त्यासाठीच आहे. मात्र त्याच कायद्याच्या कलम 41 नुसार गरज संपली की तो हक्कही संपतो, आणि गरज होती की केवळ सोय होती हा वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालू शकतो. त्यामुळे वाहिनीची जागा मोजणीच्या नकाशावर दाखवावी, तिच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरात बांधकाम करू नये अशी अट घालावी आणि दुरुस्तीसाठी आत जाण्याचा हक्क राखून ठेवावा. विकासकाच्या खर्चाने वाहिनी नव्या वाटेने वळवता आली तर अधिक चांगले.

कर्ज देणाऱ्या संस्थेची लेखी संमती मिळाल्याशिवाय विसार स्वीकारू नये. संपूर्ण भूखंड गहाण असल्यामुळे विकायचा भाग बोजातून मुक्त करून घ्यावा लागेल. संस्था आधी उरलेल्या मालमत्तेचे मूल्यांकन मागते आणि विक्रीच्या रकमेतून कर्जाचा काही भाग फेडण्याची अटही घालू शकते. असे झाल्यास घराच्या दुरुस्तीसाठी धरलेली रक्कम कमी पडेल.

आधी परवानगी घ्यावी की नाही, हा आपला मुख्य प्रश्न. परवानगीनंतर जमिनीची किंमत वाढते हे खरे आहे, परंतु मोजणी, नकाशे आणि शुल्क यांचा खर्च आपल्या माथी येतो आणि नकार मिळाल्यास तो बुडतो. आपली आर्थिक निकड पाहता मी मधला मार्ग सुचवेन. परवानगीच्या अटीवर साठेकरार करावा, त्यात अंतिम मुदत घालावी आणि मुदत टळल्यास आपण मोकळे आहोत असे स्पष्ट नमूद करावे. प्राधिकरणाला सादर होणारा नकाशा आपल्या लेखी संमतीशिवाय बदलता येणार नाही, हे कलमही हवे, कारण एकदा करार झाला की दोन घरांच्या नकाशाची जागा चार घरांचा नकाशा घेऊ शकतो. त्याखेरीज वाढीव मोबदल्याचे कलम घालावे. पुढील ठरावीक वर्षांत त्या जागेवर दोनपेक्षा जास्त घरांना परवानगी मिळाली, तर वाढलेल्या किमतीचा ठरलेला हिस्सा आपल्याला मिळेल असे त्यात लिहावे. विकासक केवळ खरेदीचा पर्याय राखून ठेवणारा करार पुढे करत असेल, तर सावध राहावे. त्यात आपण बांधले जातो, तो बांधला जात नाही.

तिसरा प्रतिसाद (पुढचेघर)

आम्ही अशाच व्यवहारानंतर पुढच्या घरात राहत आहोत, म्हणून दोनच गोष्टी सांगतो. रात्री आत येणाऱ्या गाडीच्या दिव्यांचा झोत पट्टीकडेच्या शयनकक्षाच्या खिडकीतून थेट समोरच्या भिंतीवर पडतो आणि खडीवरून चाके जाताना होणारा आवाज बंद खिडकीतूनही ऐकू येतो. पट्टीला डांबरी किंवा काँक्रीटचा पृष्ठभाग आणि घराच्या बाजूला भरीव कुंपणभिंत हवी, तीही बांधकाम सुरू होण्याआधी आणि विकासकाच्या खर्चाने. दुसरे म्हणजे, नव्या घरांच्या वरच्या मजल्यावरील खिडक्या कोणत्या दिशेला असतील हे नकाशावरच ठरवून घ्या. आमच्या करारात हे असल्यामुळे मागच्या अंगणात आजही निवांत बसता येते.

चौथा प्रतिसाद (ताळेबंद)

करांचा मुद्दा अद्याप कोणी मांडलेला नाही. राहत्या घराच्या विक्रीवर मिळणारी करसवलत घरामागच्या जागेला आपोआप लागू होते असे अनेकांना वाटते, पण तसे गृहीत धरता येत नाही. ब्रिटनमध्ये घरासह 0.5 हेक्टरपर्यंतच्या आवारावर सवलत मिळते, मात्र घर आधी विकून मागची जागा नंतर विकली तर त्या जागेवरची सवलत जाते. 1976 च्या "वार्टी विरुद्ध लाइन्स" या निकालाने हे स्पष्ट केले. ऑस्ट्रेलियात वेगळी करून विकलेली मोकळी जमीन राहत्या घराच्या सवलतीत सहसा बसतच नाही. अमेरिकेत लगतच्या मोकळ्या जागेला सवलत हवी असेल, तर त्या विक्रीच्या आधीच्या किंवा नंतरच्या दोन वर्षांत घरही विकावे लागते. एकाच व्यवहाराला तीन ठिकाणी तीन उत्तरे मिळतात, म्हणून आपल्या करसल्लागाराला विचारताना विक्रीचा क्रम आणि तारखा यांविषयी आवर्जून विचारावे.

मूळ खरेदी किमतीतला किती भाग या तुकड्याच्या वाट्याला येतो, हाही प्रश्न उभा राहील. तो क्षेत्रफळाच्या प्रमाणात काढायचा की मूल्याच्या, यावर करपात्र नफा बराच बदलतो. मूल्यांकनाचा अहवाल व्यवहाराच्या वेळीच करून घ्यावा, कारण नंतर मागची तारीख धरून केलेले मूल्यांकन कर अधिकाऱ्यापुढे टिकवणे कठीण जाते. आपण स्वतः घरे बांधून विकायचे ठरवल्यास तो व्यवसाय मानला जाऊन कराचे स्वरूपच बदलू शकते.

परसदार

सर्वांचे मनापासून आभार. पट्टी आमच्याच नावावर ठेवायची आणि परवानगीच्या अटीवर करार करायचा, हे घरात सर्वांना पटले आहे. एक शंका राहिली. नियोजित हद्दीपासून मागे सुमारे 5 मीटर अंतरावर एक जुने मोठे झाड आहे. त्याचे खोड साधारण 60 सेंटीमीटर व्यासाचे आहे. ते वाचावे अशी आमची मनापासून इच्छा आहे. ते विकलेल्या भागात गेले तर केवळ अट घालून भागेल का?

शंकूसाखळी

अट घालता येईल, पण झाड तोडल्यानंतर भरपाईचे पैसे मिळाले तरी झाड परत येत नाही. ब्रिटिश मानक 5837 नुसार मुळांच्या संरक्षणासाठी खोडाच्या व्यासाच्या 12 पट त्रिज्येचे वर्तुळ धरतात. म्हणजे आपल्या झाडासाठी 7.2 मीटर. हे वर्तुळ हद्दीच्या दोन्ही बाजूंना येते. विकासकाने त्यात पाया खणला किंवा जड यंत्रे फिरवली, तर झाड न तोडताही काही वर्षांत वाळू शकते.

म्हणून तेवढ्या भागात हद्दीची रेषा मागे वळवून झाड आणि शक्य तितके वर्तुळ आपल्याकडे ठेवता येते का, ते मोजणीच्या वेळी पाहावे. वर्तुळाचा जो भाग पलीकडे राहील, तिथे खोदकाम न करण्याची अट घालावी. रेषा वळवल्याने विकायचे क्षेत्र थोडे घटेल आणि विकासक दर कमी करण्याचा प्रयत्न करील. शिवाय झाड आपल्या नावावर राहिल्यास त्याची फांदी नव्या घरावर पडली तर जबाबदारीही आपलीच राहील, त्यामुळे नियमित तपासणीचा खर्च धरून ठेवावा. मोजणीदाराला बोलावताना झाडाचे खोड, सांडपाण्याच्या वाहिनीची सर्व तपासणी-झाकणे आणि घराच्या भिंतीपासून पट्टीच्या कडेपर्यंतचे अंतर, हे तिन्ही त्याच नकाशावर दाखवायला सांगावे आणि साठेकराराला तोच नकाशा जोडावा.